डबल बेलवाले भोयरभाऊ

भोयरभाऊ बसत नाहीत. आमच्या घरी येतात, चहा पितात, तासभर बोलतात, आणि हे सगळं उभ्यानं करतात. खुर्ची पुढे केली की तिची पाठ धरून उभे राहतात. लग्नात पंगत बसते, भोयरभाऊ ताट हातात घेऊन पंगतीच्या टोकाला उभे. तेरवीच्या जेवणातही उभे. न्हाव्याकडे दाढी कशी करून घेतात हे मला माहीत नाही. ब्रह्मपुरीत त्याबद्दल दोन मतं आहेत.

कारण साधं आहे. भोयरभाऊ बसचे कंडक्टर होते. तरुणपणी इथल्या डेपोच्या लाल गाडीत चढले ते निवृत्त होऊनच उतरले. सिंदेवाही, सावली, गडचिरोली आणि त्यापुढचा जंगलातला सगळा रस्ता त्यांनी पायी तुडवला, फक्त गाडीच्या आतून. ड्रायव्हरच्या पाठीपासून मागच्या दारापर्यंत आणि मागच्या दारापासून ड्रायव्हरच्या पाठीपर्यंत.

निवृत्तीनंतर पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा बोलता बोलता त्यांनी वर हात केला आणि खिडकीच्या पडद्याचा दांडा धरला. विषय होता सिंदेवाहीच्या अलीकडचं वळण. वळण आलं, भोयरभाऊ वळले, दांडा पडद्यासकट खाली आला. माझी बायको म्हणाली, "भाऊ, आता तरी बसा न!"

"बाई, गाडी चालू असली का कंडक्टर बसत नाई."

"कोणती गाडी?"

"कोन्तीई," भोयरभाऊ म्हणाले आणि पडद्याची घडी घालू लागले.

मी बरोबर उलटा माणूस. गावातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात मी बाबू आहे. रजा, पगार, बिलं, पत्रं, सगळं बसून. खुर्चीवरची गादी मी घरून नेली आहे आणि ती धुवायलाही मीच घरी आणतो. अशा माणसासमोर दुसरा माणूस सतत उभा राहून हलत असला की डोकं दुखायला लागतं. आणि नेमके भोयरभाऊ रोज माझ्या टेबलासमोर येऊन हलायला लागले.

त्याला कारण यासीनभाई. यासीनभाई शेख भोयरभाऊंच्या गाडीचे ड्रायव्हर. दोघांची जोडी इतकी जुनी की डेपोत ड्युटी लावताना दोघांची नावं एका दमात घ्यायचे. यासीनभाईंच्या तोंडात खर्रा असायचा. आमच्या भागात खर्रा माहीत नाही असा माणूस सापडणार नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगतो: सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घोटून केलेली पुडी. त्या पुडीनं यासीनभाईंचा जबडा खाल्ला. नागपूरला ऑपरेशन झालं, दुखणं परत उलटलं, आणि ते आमच्या दवाखान्यात शेवटच्या वॉर्डात आले. या वॉर्डातले पेशंट बरे होऊन घरी जातील असं कोणी म्हणत नाही. दुखणं सुसह्य व्हावं एवढ्यासाठी ते असतात. यासीनभाईंचं बोलणं गेलं होतं आणि मान वळत नव्हती. डोळे मात्र रस्त्यावर ठेवल्यासारखे समोर.

भोयरभाऊ रोज सकाळी यायचे आणि यासीनभाईंच्या खाटेच्या डोक्याकडे, भिंत आणि खाट यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत उभे राहायचे. म्हणजे पेशंटला ते दिसायचेच नाहीत. वॉर्डाच्या इन्चार्ज गेडाम सिस्टर. त्यांचा आवाज फाटकापर्यंत जातो.

"भाऊ, समोर या न! पेशंटले तुमचं तोंड तर दिसू द्या!"

"कंडक्टर ड्रायव्हरच्या मांगंच राह्यते, सिस्टर."

वॉर्ड हसला. मीही हसलो. सवयीचा माणूस म्हणून आम्ही ते सोडून दिलं.

यासीनभाईंना हाक मारता येत नाही हे लक्षात आल्यावर भोयरभाऊंनी दुसऱ्याच दिवशी एक दोरी आणली. ती यासीनभाईंच्या खाटेपासून खिडक्यांच्या गजांतून ओवत थेट सिस्टरच्या टेबलावर नेली आणि टोकाला बसची जुनी घंटा बांधली. एकदा ओढली तर थांब, दोनदा ओढली तर चल. यासीनभाईंना हे शिकवावं लागलं नाही. इतर पेशंटांनी मात्र दोरी आपल्याही खाटेशी बांधून घेतली आणि दोन दिवसांत वॉर्डाचा डेपो झाला. सिस्टर इंजेक्शन घेऊन आल्या की पलीकडच्या खाटेवरून कोणीतरी डबल बेल मारायचं. सिस्टर सुई उगारून विचारायच्या, "कोणी मारली? कोणी मारली ती?" आणि ज्यांना आठवडाभर हसू आलं नव्हतं असे लोक पांघरूण तोंडावर घेऊन हसायचे.

पुढे भोयरभाऊंनी बागेचं खूळ घेतलं, ते मात्र हसण्यातून आलं नाही. एक दिवस वॉर्डातली एक तरुण बाई गेली. तिच्या माणसांना सावरून गेडाम सिस्टर बाहेर आल्या आणि वॉटर कूलरच्या मागे भिंतीकडे तोंड करून रडू लागल्या. तिथंच त्यांचा डबाही उघडा पडला होता, कारण जेवायलाही जागा तीच. भोयरभाऊ बाटली भरायला गेले होते. ते बाटली न भरताच माझ्याकडे आले.

"बाबूजी, आमचा एखांदा अपघात होऊन आलो का डेपोत एक बाकडं होतं. तिथी बसत होतो, चहा येत होता. तुमच्या सिस्टरले तेवढंई नाई?"

"नाही," मी म्हणालो.

"अन् यासीनले पाहा. जिनगानी काचंतून जंगल पाहत गेली. आता भिंत पाहून राह्यला."

वॉर्डाच्या मागे दवाखान्याची मोकळी जागा आहे. तुटक्या खाटा, चाकं नसलेली एक जुनी अँब्युलन्स आणि मध्ये एक मोठं कडुनिंब. तिथं स्कूटर ठेवायला पत्र्याचं शेड करायचं ठरलं होतं. भोयरभाऊंनी माझ्या खांद्याला धरून मला खुर्चीतून उठवलं आणि ट्रस्टच्या मोठ्या साहेबांसमोर उभं केलं. साहेब म्हणाले, "बसा." भोयरभाऊ म्हणाले, "गाडी चालू आहे साहेब," आणि उभ्या उभ्याच बाग मागितली. खाट ढकलत नेता येईल असा गुळगुळीत रस्ता, पाणी, झाडं, बसायला जागा. पेशंटसाठी आणि सिस्टर लोकांसाठी.

साहेब वाईट माणूस नाहीत, पण त्यांच्याकडे पैसे नव्हते. ते म्हणाले, "गुढीपाडव्यापर्यंत लोकांकडून जमवा. जमलं तर बाग, नाहीतर शेड."

दिवाळी नुकतीच झाली होती. धान कापून पडलं होतं, गावोगावी मंडई भरायला लागली होती. आमच्या झाडीपट्टीत मंडई म्हणजे पाहुणे, जत्रा आणि रात्रीचं नाटक. हातात पैसे असतात, मन मोकळं असतं. मी भोयरभाऊंसाठी एक चांगलं भाषण लिहिलं. त्यात 'रुग्णसेवा', 'सामाजिक बांधिलकी' असे शब्द होते. एका गावात नाटक सुरू व्हायच्या आधी त्यांनी ते मंचावरून वाचायचं असं ठरलं.

भोयरभाऊ मंचावर चढले. समोर शामियाना भरून माणसं ताडपत्रीवर खेटून बसलेली. त्यांनी कागदाकडे पाहिलं, माणसांकडे पाहिलं, कागद खिशात घातला आणि खाली उतरले. खांद्याला त्यांची जुनी चामड्याची बॅग होतीच. तिच्यातून तिकीट पंच काढून त्यांनी शामियान्याच्या खांबावर वाजवला. कट्कट्. आणि गर्दीत शिरत खणखणीत आवाजात म्हणाले, "चला, पुढं सरका! कोणाचं राह्यलं? कोणाचं राह्यलं?"

आणि लोकांनी पैसे काढले! काहीही न विचारता, एकमेकांशी बोलता बोलता, हात आपोआप खिशात. एक बाई कमरेची पिशवी सोडत म्हणाली, "एक फुल, दोन हाफ." मागून एकानं विचारलं, "सावलीचं किती झालं गा आता?" मी शामियान्याच्या दाराशी उभा राहून हे बघत होतो आणि माझं भाषण किती चांगलं होतं याचा विचार करत होतो.

त्या दिवसापासून गाडी सुटली. भोयरभाऊ पावती देत नसत, तिकीट देत. जुन्या कॅलेंडरचे कापलेले कागद, त्यावर पंचाचं भोक. आणि तिकीट म्हटलं की "कुठून कुठपर्यंत?" आलंच. त्यांनी न झालेल्या बागेचे टप्पे पाडले. वॉर्डाचं दार ते नळ, नळ ते कडुनिंब, कडुनिंब ते मागची भिंत. माणसं ऐपतीप्रमाणे टप्पा घ्यायची. ब्रह्मपुरीच्या बाजारात भाजीवाल्या एकमेकींना विचारायच्या, "तू कुठवर गेली?" "मी नळावर उतरली बाप्पा."

अडचण सवलतींची झाली. बसमध्ये बायांना अर्धं तिकीट असतं, त्यामुळे बायांनी इथंही अर्धंच दिलं. "आमाले हाफ लागते न भाऊ!" पंचाहत्तरीच्या वरच्यांना प्रवास फुकट, म्हणून म्हातारे आधार कार्ड दाखवून फुकट तिकीट मागायला लागले. भोयरभाऊ द्यायचे. मी तडकलो.

"भोयरभाऊ, हे दान आहे! यात सवलत कसली?"

"बाबूजी, टिकीट म्हटलं का सवलत आली. नियम आपून नाई तोडाचा."

मी कपाळावर हात मारला. पण त्यातला एक म्हातारा दुसऱ्या दिवशी मोगऱ्याचं रोप डोक्यावर घेऊन दवाखान्यात आला. म्हणाला, फुकट बसलो हे बरं नाही वाटत, हे लगेज लावून घ्या. मग लगेजची लाईनच लागली. जास्वंद, कण्हेर, गवती चहा, एकानं तर शेळी आणली, ती मी परत पाठवली.

एका राईस मिलच्या मालकाकडे मी मोठ्या आशेनं त्यांना घेऊन गेलो. मालक दिलदार. म्हणाले, मी एकटाच अर्धी बाग करून देतो, फक्त दारावर माझ्या वडिलांच्या नावाचा मोठा बोर्ड लावा. मी हो म्हणायला तोंड उघडलं होतं.

"शेठजी, गाडीले बोर्ड एकच राह्यते," भोयरभाऊ म्हणाले, "गाडी कुठी जाऊन राह्यली, तेचा."

परत येताना मी त्यांच्याशी बोललो नाही. ते शेअर जीपच्या मागच्या पायरीवर उभे राहून आले.

एका गोष्टीत मात्र त्यांची गंमत संपायची. पानठेला दिसला की चेहरा बदलायचा. भोयरभाऊंनी स्वतः कधी खर्रा खाल्ला नाही, सुपारीचं खांडसुद्धा नाही. ते ठेल्यासमोर उभे राहायचे आणि येणाऱ्याला अडवायचे. "आजचा खर्रा बागेले दे. एकच दिवस. दे इकडं." सुरुवातीला लोक हसून द्यायचे. मग टाळायला लागले. पुंडलिक नावाचा आमचा चौकातला ठेलेवाला माझ्याकडे तक्रार घेऊन आला. "बाबूजी, तुमच्या मानसाले सांगा. माझे गिऱ्हाईक पळवून राह्यला. काल तर एका ट्रकवाल्याच्या हातातली पुडी हिसकून नालीत फेकली. अन् स्वतःच थरथर कापून राह्यला होता." मी पुंडलिकची समजूत घातली. भोयरभाऊंना व्यसनाची चीड आहे, एवढंच मला वाटलं.

पाडवा जवळ यायला लागला तसे भोयरभाऊ आणखी सुटले. सकाळी सिंदेवाही, दुपारी सावली, संध्याकाळी पुन्हा ब्रह्मपुरी. खाटेमागे उभं राहणं तेवढं चुकत नसे, पण तेही घाईचं. येऊन उभे राहायचे, यासीनभाईंच्या टकलाकडे बघायचे, आणि निघायचे. यासीनभाई घंटेची दोरी एकदा ओढायचे. थांब. तोवर भोयरभाऊ दाराबाहेर.

अशात एक दिवस भलतंच झालं. शेडचे लोखंडी खांब घेऊन ट्रक आला, पाडव्याच्या आधीच. कोणाची घाई होती देव जाणे. मी धावत मागच्या जागेत गेलो तर भोयरभाऊ ट्रकच्या मागे उभे राहून हात हलवत होते. "आऊन दे, आऊन दे, डावी मार, आऊन दे..." मला वाटलं, संपलं, यांनीही हार मानली. ट्रक मागे येत येत कडुनिंबापाशी आला. ड्रायव्हर इंजिन बंद करणार एवढ्यात भोयरभाऊंनी ट्रकच्या फळीवर थाप मारली. ठक ठक. दोनदा.

आणि तो ट्रक निघाला! हमाल अजून खाली उतरून दोर सोडत होते. ट्रक फाटकातून बाहेर पडला, चौकात वळला आणि खांबांसकट दिसेनासा झाला. हमाल त्याच्यामागे ओरडत पळाले. साहेबांनी ड्रायव्हरला फोन लावून विचारलं तेव्हा तो म्हणाला, मागून डबल बेल आली म्हणून निघालो साहेब, आता मी आरमोरीच्या पुढे आहे.

साहेबांनी भोयरभाऊंना बोलावलं. मी दाराआड उभा होतो. आतून साहेबांचं हसणं ऐकू आलं. खांब पाडव्यापर्यंत आले नाहीत.

पाडव्याला हिशोब झाला तेव्हा पैसे पूर्ण बागेला पुरणारे नव्हते. पण वॉर्डाच्या सिस्टर, मावशी, वॉर्डबॉय, सगळ्यांनी गुपचूप आपापलं तिकीट काढलं होतं, तेही फुल. साहेबांनी जागा वाटून दिली. कडुनिंबापर्यंतची बाग, फाटकाकडे शेड. पंधरवड्यात फरशीचा रस्ता झाला, नळ आला, मोगरा लागला. भोयरभाऊंनी भंगारवाल्याकडून मोडीत निघालेल्या बसची एक दोघांची सीट आणली, पुढच्या लोखंडी दांड्यासकट, आणि कडुनिंबाखाली सिमेंटमध्ये बसवून घेतली. दुसऱ्या दिवसापासून पेशंट बाहेर यायला लागले. नळापाशी कोणी ऊन खायचं, कोणी नुसतं वर बघायचं.

यासीनभाई मात्र आतच. भोयरभाऊ नेऊ देत नव्हते.

"शेवटचा टप्पा राह्यला न अजून. कडुनिंब ते भिंत. पुरा रस्ता झाला का नेऊ." आणि पुन्हा बॅग खांद्याला लावून बाहेर.

गेडाम सिस्टरनी मला व्हरांड्यात गाठलं. नेहमीचा आवाज नव्हता. "बाबूजी, यासीनभाईचं काई खरं नाई आता. भाऊले सांगा, रस्ता मरू द्या. कडुनिंबापर्यंत पुष्कळ झालं."

त्याच दिवशी यासीनभाईंच्या बायकोनं, आम्ही सगळे त्यांना भाभी म्हणतो, मला हात जोडून सांगितलं. "भाऊ रोज येते, मांगं उभे राह्यते, जाते. हे घंटी वाजवते, वाजवते, ते थांबतच नाई. त्यायले म्हणा, एकदा समोर येऊन बसा. हे वाट पाहून राह्यले."

मला राग आला. खरंच आला. एवढा गाव डोक्यावर घेणारा माणूस, आणि ज्याच्यासाठी हे सगळं, त्याच्यासमोर घडीभर बसता येत नाही? मी रजा टाकली आणि त्यांना शोधत निघालो. ते सावलीच्या एका फाट्यावर सापडले. बंद पडलेल्या पानठेल्यासमोर एकटेच उभे. ठेल्याला कुलूप होतं, गिऱ्हाईक नव्हतं, अडवायला कोणी नव्हतं.

मी त्यांना नको ते बोललो. तुम्हाला बागेचं श्रेय हवंय, तुम्हाला धावायची हौस आहे, असं सगळं. ते ठेल्याच्या फळीवर हात फिरवत होते.

"इथी गाडी थांबत होती बाबूजी," ते म्हणाले. "यासीन स्टेरिंगवरून कधी उतरला नाई. झोप लागू नाई म्हणून खर्रा पाहिजे राहे त्याले. मंग मी उतरत होतो. मीच घोटून आणत होतो."

मी त्या फळीकडे बघितलं.

"तो नुसता हात मांगं करे. असा. तळवा वरतं. मी त्याच्यावर पुडी ठेवत होतो. त्यानं कधी वळून पाह्यलं नाई, मी कधी नाई म्हटलं नाई. रोज, बाबूजी. सिंदेवाहीले एक, इथी एक, गडचिरोलीले एक." त्यांनी ठेल्याचं कुलूप ओढून पाहिलं. "त्याच्या तोंडाकडं पाहाले होत नाई मले. अर्ध तोंड नाई राह्यलं त्याचं. कसा जाऊ समोर? काय म्हणू?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलं नाही. म्हणालो, "भोयरभाऊ, चला. गाडी तुमच्यासाठी थांबली आहे." परतीच्या जीपमध्ये जागा होती. ते उभेच राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आधी, यासीनभाईंना बाहेर काढलं. खाटेची चाकं फरशीवरून सरळ गेली, कुठं खडखड नाही. नळ गेला. कडुनिंबाला मोहर होता, त्याचा कडसर गोड वास होता. सिस्टर आणि भाभींनी धरून त्यांना बसच्या सीटवर बसवलं, जिथं खिडकी असायची त्या बाजूला, उशीचा आधार देऊन. यासीनभाईंनी पुढचा लोखंडी दांडा धरला. समोर बघितलं. आयुष्यभर जसं बघितलं तसंच.

भोयरभाऊ त्यांच्या मागे उभे होते. अर्थात.

आम्ही सगळे थोडे दूर झालो.  मग यासीनभाईंनी दांड्यावरचा डावा हात उचलला आणि हळूहळू खांद्यावरून मागे नेला. तळवा वर.

भोयरभाऊंचा चेहरा मी बघितला, पण तो मला लिहिता येणार नाही. त्यांचा हात सवयीनं बॅगेकडे गेला आणि तिथंच अडकला. यासीनभाईंचा हात तसाच पसरलेला. त्या माणसाला तो हात वर धरून ठेवायला किती त्रास होत असेल हे सिस्टरना कळत होतं. त्या पुढे व्हायला निघाल्या, भाभींनी त्यांना अडवलं.

शेवटी भोयरभाऊंनी त्या तळव्यावर आपला हात ठेवला. रिकामा.

यासीनभाईंनी तो घट्ट धरला आणि ओढला. जोर कसला होता त्यांच्यात, पण भोयरभाऊ ओढले गेले. सीटच्या कडेनं फिरून समोर आले. दोघं एकमेकांसमोर आले. भोयरभाऊंनी मान खाली घातली. यासीनभाईंनी उजव्या हातातली चांदीची अंगठी दांड्यावर आपटली. ठण्ण. एकदा.

भोयरभाऊ बसले.

सीटवर, यासीनभाईंच्या शेजारी, मांडीवर बॅग घेऊन, पहिल्यांदाच बसमध्ये चढलेल्या माणसासारखे अवघडून. मग त्यांनी पाठ टेकली. खांदे हलायला लागले. यासीनभाईंनी हात सोडला नाही, आणि समोर बघणंही सोडलं नाही.

गेडाम सिस्टर कडुनिंबाच्या मुळावर बसल्या आणि त्यांनी डबा उघडला. मी, बसून पगार घेणारा माणूस, तिथं उभाच राहिलो.

बराच वेळ गेला. ऊन फरशीवर आलं. सिस्टरनी हात धुतले आणि हळूच म्हणाल्या, "भाऊ, आत नेऊ आता. ताव लागते त्यायले."

भोयरभाऊंनी डोळे पुसले, यासीनभाईंच्या कानाकडे वाकून विचारलं, "काऊन गा यासीन, जाऊ द्याची का गाडी?"

यासीनभाईंनी अंगठी दांड्यावर आपटली. एकदाच.